पाचव्या मजल्यावरचा वजनकाटा

तो वजनकाटा मुळात स्वयंपाकघरातला. पांढरा, बशीएवढा, कडेला टवका उडालेला. तोगाशी नामिए यांनी तो घरून पिशवीत घालून आणला तेव्हा त्याच्या खाचेत थोडं पीठ अडकलेलं होतं. लेक शिकायला सेन्दाइला गेली, आता घरी केक कोण करतंय, म्हणून आणला, असं त्या म्हणाल्या होत्या. आज तो माझ्या घरी फडताळाच्या वरच्या कप्प्यात आहे. त्यामुळे त्यांच्याबद्दल लिहायचं तर ते मीच लिहायला हवं, असं मला बरीच वर्षं वाटत आलं आणि मी टाळत आलो. लिहिण्याची मला सवय नाही. एकतीस वर्षं मी आमच्या गावच्या रुग्णालयात जंतू वाढवायच्या ताटल्या वाचल्या. लिहिलं ते एवढंच, वाढ आहे किंवा वाढ नाही.

तोगाशी-सान, आमच्याकडे मान देऊन असंच म्हणतात, पाचव्या मजल्यावर नर्स होत्या. खुबा मोडलेली, गुडघे बदललेली म्हातारी माणसं तिथे असायची. तेव्हा त्यांचं वय त्रेचाळीस. बांधा आडवा, चाल भराभर. वडील बंदरावर जाळी शिवायचे, आणि त्यांच्या बोटांचं कसब यांच्यात उतरलं होतं. शीर सापडत नाही असा रोगी आला की सगळा मजला यांनाच हाक मारायचा. डबा सहा मिनिटांत संपवायच्या. तपासणीचे नमुने घेऊन दुसऱ्या मजल्यावर माझ्या खिडकीशी आल्या की वाकून विचारायच्या, "त्सुचिदा-सान, आज तुमच्या शेतात काय पिकलंय?"

"आज काही नाही."

"मग तुम्ही उपाशीच मरणार."

एवढंच बोलणं. मी फारसा बोलत नसे, आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे.

दर एप्रिलला प्रत्येक मजल्याने आपल्यातली एक लिंक नर्स निवडायची असा नियम होता. जंतुसंसर्ग रोखणारी समिती एकीकडे, मजला दुसरीकडे, आणि मध्ये ही एक बाई. समितीने ठरवलेलं मजल्यावर करून घ्यायचं, मजल्यावर दिसलेलं समितीला सांगायचं. नर्सचं रोजचं काम काही कमी होत नाही. अधिकारही काही नाही. वर्षभर आपल्याच मैत्रिणींच्या हातांवर डोळा ठेवायचा आणि त्यांच्याच शेजारी बसून डबा खायचा. साहजिकच ते कोणालाच नको असायचं.

"कोणी स्वतःहून पुढे येतंय का?" पाचव्या मजल्याच्या इनचार्ज होन्मा-सान यांनी त्या वर्षी विचारलं. सगळ्या जणी जमिनीकडे बघायला लागल्या. "मग काय, शिडी काढा."

शिडी म्हणजे आमच्याकडची चिठ्ठी. जितक्या जणी तितक्या उभ्या रेघा, त्यातल्या एकीच्या तळाशी फुली, आणि तळ घडी घालून झाकलेला. प्रत्येकीने मनाला येईल तिथे शेजारच्या दोन उभ्या रेघांना जोडणारी एक आडवी रेघ ओढायची. मग आपापल्या उभ्या रेघेवर वरून बोट ठेवून, पायरी आली की वळत वळत खाली यायचं. तोगाशी-सानचं बोट फुलीवर आलं.

"अहो, लोक शिडीने वर जातात," त्या खिडकीशी मला म्हणाल्या. "मी सरळ खड्ड्यात आले."

त्यांनी ते काम मनापासून घेतलं. हे सांगायला हवं, कारण बऱ्याच जणी तसं घेत नसत. आमच्याकडे प्रत्येक नर्सच्या कमरेला हात निर्जंतुक करायच्या अल्कोहोलची बाटली लटकलेली असते, वर तिचं नाव आणि बाटली उघडल्याची तारीख. रोग्याला हात लावण्याआधी एकदा दाबायची, लावल्यावर एकदा. महिनाअखेरीला लिंक नर्सने रिकाम्या बाटल्या मोजायच्या, अर्धवट उरलेल्यांचं वजन करायचं, आणि एका रोग्यामागे दिवसाला किती मिली वापरलं ते काढायचं. त्या वजनासाठीच तोगाशी-साननी घरचा काटा आणला होता. समितीला दहा हवे होते. प्रत्येक मजल्याच्या आकड्याचा रंगीत पट्टा करून कॅन्टीनच्या दाराशी लावत. जेवायला जाणारा प्रत्येक जण तो बघायचा.

एप्रिलला पाचव्या मजल्याचा आकडा आला चार. सहा मजल्यांत शेवटचा. समितीच्या टेबलाच्या टोकाला प्रयोगशाळेचा माणूस म्हणून मीही बसायचो. तोगाशी-सान उभ्या राहिल्या, कमरेतून वाकल्या आणि म्हणाल्या, "आमचे प्रयत्न कमी पडले. क्षमा असावी." अध्यक्ष डॉक्टरांनी कागद उलटला. मे महिन्यात पाच आला. त्या पुन्हा वाकल्या.

नर्सा आळशी होत्या असं मला म्हणायचं नाही. माणसं कमी होती. अल्कोहोलने हात फाटायचे, फाटलेल्यावर पुन्हा अल्कोहोल झोंबायचं. एकीकडे घंटा, दुसरीकडे पडायच्या बेतात असलेले आजोबा, आणि मधे कोण थांबून वीस सेकंद हात चोळणार? तोगाशी-सान सगळ्यांना आधी हाताला लावायचं मलम वाटायच्या, मग हळूच सांगायच्या. ओरडता त्यांना येत नव्हतं.

जूनला आकडा नऊ आला. जुलैला बारा.

पाचव्या मजल्याचा पट्टा कॅन्टीनच्या दारावर सगळ्यात उंच. अध्यक्षांनी बैठकीत मान डोलावली आणि इतर मजल्यांनी पाचव्या मजल्याकडून शिकावं असं सांगितलं. तोगाशी-सान त्या दिवशी माझ्या खिडकीशी आल्या तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते.

"मी काही केलं नाही हो," त्या म्हणाल्या. "पोरींनीच केलं. मला वाटत होतं त्या माझं ऐकतच नाहीत."

मी म्हणालो, "छान झालं."

एवढंच म्हणालो, कारण तो आकडा कसा आला ते मला तेव्हा कळलेलं होतं. जुलैच्या शेवटच्या दिवसांत, दुपारी तीनच्या सुमाराला, मी पाचव्या मजल्यावरच्या नळांचे नमुने घ्यायला गेलो होतो. भांडी धुवायच्या खोलीत माजिमा-सान आणि दुसरी एक नर्स उभ्या होत्या. दोघींच्या हातात दोन दोन बाटल्या, आणि त्या बेसिनमध्ये भराभर दाबत होत्या. खोलीत अल्कोहोलचा असा वास होता की डोळ्यांत पाणी यावं. माजिमा-सान म्हणजे तोगाशी-सानची सगळ्यात जवळची मैत्रीण. वीस वर्षं एका मजल्यावर.

"अगंबाई, त्सुचिदा-सान!" त्या दचकल्या आणि मग हसल्या. "कोणाला बोलू नका हं. तोगाशीला तर मुळीच नको. बिचारी दर महिन्याला समितीच्या त्या म्हाताऱ्यांसमोर वाकते, आम्हाला बघवत नाही."

"आणि वास आला तर?" दुसरी म्हणाली.

"म्हणायचं बेसिन स्वच्छ केलं. खोटं थोडंच आहे?"

दोघी हसल्या. मीही बहुधा हसलो. नमुने घेतले आणि खाली आलो. त्यात वाईट काय, असं मी तेव्हा स्वतःशी म्हणालो. एक चांगली बाई चारचौघांत खाली मान घालायची वाचत होती. त्या वेळी मजल्यावर कोणाला काही झालेलं नव्हतं.

सप्टेंबरच्या अखेरीला उमेत्सु तोयो नावाच्या आजी पाचव्या मजल्यावर आल्या. वय शहाऐंशी. पर्सिमनच्या बागेत शिडीवरून पडून खुबा मोडला होता. या वयात शिडीवर कशाला चढलात, असं कोणी विचारलं की म्हणायच्या, "फळं वर लागतात म्हणून." आमच्या भागातलं ते टोमॅटोसारखं केशरी फळ तुरट. तोडल्यावर देठ दारूत बुडवायचा, पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर ठेवायचं, मग तुरटपणा जातो आणि गोडी येते. आजींनी सत्तर वर्षं ते केलं होतं. कोणत्या फळाला किती वेळ बुडवायचं हे पुतण्याला अजून नीट जमत नाही, म्हणून नोव्हेंबरच्या पाच तारखेच्या आत घरी जायचंच असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. बुडवायचं काम खुर्चीत बसून करता येतं, असा त्यांचा हिशोब.

"पोरी," त्या तोगाशी-सानना म्हणायच्या, "तू दिवसभर दारूत हात बुडवतेस आणि तरी तुझा तुरटपणा जाईना. आज पुन्हा मला चालायला लावलंस."

"चालाल तर जाल. पाच तारखेला मी स्वतः तुम्हाला गाडीत बसवीन."

"वचन?"

"वचन."

त्यांनी करंगळी पुढे केली. आजींनीही केली. हे मला आजींनीच सांगितलं, एकदा मी वर गेलो असताना, मोठ्या अभिमानाने.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात माझ्या ताटलीवर पाचव्या मजल्याच्या एका रोग्याच्या नमुन्यात गडद निळे ठिपके उगवले. कोणत्याच औषधाला दाद न देणारा जंतू होता तो. असा जंतू पोटात घेऊन माणूस महिनोन्महिने ठणठणीत राहू शकतो, पण अंगात ताकद नसेल आणि तो रक्तात शिरला तर मग डॉक्टरांकडे द्यायला काही नसतं. दहा दिवसांनी दुसरा रोगी. मग तिसरा. तिघांच्या खोल्या निराळ्या.

हा जंतू एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातो तो बहुतेक हातांवरून. हे समितीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. पण बैठकीत अध्यक्षांनी आकडे काढायला सांगितले, आणि पाचव्या मजल्याचा आकडा होता बारा.

"म्हणजे हात नव्हेत," ते म्हणाले. "वस्तूंमध्ये शोधा."

मी टेबलाच्या टोकाला बसलेलो होतो. पुढच्या वेळी सांगू, बैठकीनंतर एकट्या तोगाशी-सानला सांगू, असं मनात ठरवलं.

मग त्या शोधायला लागल्या. काम संपलं की घरी न जाता कापसाच्या काड्या घेऊन फिरायच्या. खाटांचे कठडे, पडदे, आंघोळीचा पाळणा, रक्तदाबाचे पट्टे, गिळायला त्रास असणाऱ्यांचा चहा घट्ट करायच्या भुकटीचा चमचा, टीव्हीची रिमोटं. एकसष्ट नमुने त्यांनी माझ्याकडे आणले. मी एकसष्ट ताटल्या लावल्या. सकाळी सात वाजता त्या खिडकीशी उभ्या असायच्या.

"काय पिकलं?"

"काही नाही."

आता त्या उपाशी मरण्याचा विनोद करत नव्हत्या.

एकदा मी धीर केला. म्हणालो, "तोगाशी-सान, त्या बाटल्यांचं…"

"हो ना!" त्या म्हणाल्या. "त्या बाटल्यांचाच तर आधार आहे. निदान हात तरी स्वच्छ आहेत म्हणून मी तग धरून आहे. नाहीतर वेडी झाले असते." आणि त्यांनी डोळे पुसले, हाताने नाही, मनगटाने, कारण हात फाटलेले होते. मी पुढची ताटली उचलली. ते शब्द तोंडातून बाहेर काढायला किती लागलं असतं? दहा शब्द लागले असते. मी नंतर कितीदा तरी ते मोजले आहेत.

नोव्हेंबरच्या एक तारखेला उमेत्सु-आजींचा नमुना आला. घरी जाण्याआधी सगळ्यांचा घेत होतो, म्हणून. दोन तारखेला मी ताटली उघडली आणि गडद निळे ठिपके दिसले. मी दुसऱ्यांदा लावून पाहिली. तीन तारखेला तेच.

आजींना ताप नव्हता, काही दुखत नव्हतं. जंतू फक्त आत येऊन बसला होता. पण त्यांना एकटीच्या खोलीत हलवलं. पुतण्याची बायको बालवाडीच्या स्वयंपाकघरात कामाला होती. तिथल्या बायकांची दर महिन्याला तपासणी होते, आणि अशी काही लागण घरात निघाली तर काम जातं, अशी तिला धास्ती. पुतण्याने फोनवर पुन्हा पुन्हा माफी मागितली आणि जंतू नाहीत असा अहवाल आला की लगेच न्यायला येतो म्हणाला.

पाच तारखेला तोगाशी-सान आजींच्या खोलीत गेल्या, पिवळा झगा, मोजे, मुखपट्टी घालून. नुसते डोळे दिसत होते.

"कोण आहेस गं तू?" आजींनी विचारलं.

"मी. तोगाशी."

"मग गाडी आली?"

त्या काय बोलल्या ते मला माहीत नाही. माजिमा-सान दाराबाहेर होत्या, त्यांनी मला फक्त आजींचं शेवटचं वाक्य सांगितलं. आजी म्हणाल्या, "राहू दे. फळं थांबत नसतात, माणसांनी थांबायचं."

त्या महिन्यात तोगाशी-साननी कोणी न सांगता एक केलं. महिनाअखेरीची वाट न पाहता त्या दर शुक्रवारी, कपडे बदलायच्या खोलीत खुंटीला अडकवलेल्या बाटल्या एकेक करून आपल्या काट्यावर ठेवायला लागल्या. कोणत्या आठवड्यात वापर कमी होतो आणि त्याच आठवड्यात जंतू पसरतो का, एवढंच त्यांना बघायचं होतं. डिसेंबरच्या दोन तारखेला दुपारी त्या वही घेऊन माझ्याकडे आल्या आणि ती खिडकीच्या फळीवर उघडी ठेवली.

"हे बघा. पहिल्या शुक्रवारी चार. दुसऱ्या शुक्रवारी तीन. मग चार, मग पुन्हा चार. आणि शेवटच्या तीन दिवसांत एकदम सगळं. रिकाम्या बाटल्यांचा ढीग. त्सुचिदा-सान, तीन दिवसांत तीस बाटल्या कोणाच्या हाताला लागतात?"

मी वहीकडे बघत राहिलो.

"तुम्हाला माहीत होतं," त्या म्हणाल्या. विचारलं नाही, नुसतं म्हणाल्या.

"हो."

"कधीपासून?"

"जुलैपासून."

त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. तेवढ्यात माजिमा-सान नमुन्यांची पेटी घेऊन आल्या. तोगाशी-साननी वही त्यांच्याकडे फिरवली. त्यांनी ती पाहिली आणि पेटी खाली ठेवली.

"अगं, तुझ्यासाठीच केलं. तू तिथे उभी राहून वाकायचीस."

"मी वाकले असते. वाकायला काय लागतं? माझी कमर चांगली आहे."

"ते नुसतं नव्हतं." माजिमा-सान म्हणाल्या. "ती शिडी. कागदाची घडी पातळ होती, मला खालची फुली दिसत होती. माझ्या वाटेला येत होती. शेवटची आडवी रेघ माझी होती. मी ती अशी ओढली की तुझ्याकडे जावी. माझी सासू तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती गं. मला वाटलं, तू करशील, तुला जमेल. आणि मग तू तिथे उभी…"

तोगाशी-सान हसल्या. ते हसणं मला अजून आठवतं, आणि त्याला चांगलं की वाईट म्हणावं ते कळत नाही.

"एक रेघ!" त्या म्हणाल्या. "एका रेघेची भरपाई म्हणून दर महिन्याला सात लिटर! मला सांगायचं की, मी तशीही घेतली असती. आता उमेत्सु-आजींना कोण सांगणार? तू सांगतेस? की मी सांगू?"

माजिमा-सान तिथेच खाली बसल्या.

डिसेंबरच्या बैठकीत तोगाशी-साननी उभं राहून सांगितलं की जूनपासूनचे आकडे चुकीचे आहेत, खरा आकडा चारच्या आसपास आहे. हात स्वच्छ नव्हते. पाचव्या मजल्यावरच्या प्रत्येकीला, खुद्द त्यांनाही धरून, पुन्हा पहिल्यापासून शिकवायला हवं, आणि माणसं वाढवून हवीत. एवढं त्या एका दमात बोलल्या. त्यांना एवढं बोलताना कोणी ऐकलं नव्हतं.

"आकडे चुकीचे कसे?" अध्यक्षांनी विचारलं.

त्या थांबल्या. होन्मा-सान त्यांच्याकडे बघत होत्या. माजिमा-सानचं नाव घेतलं असतं तर माजिमा-सान गेल्या असत्या, आणि त्यांच्याबरोबर ज्यांनी ज्यांनी बाटल्या दाबल्या त्या सगळ्या. मजल्यावर नर्सा राहिल्या नसत्या.

"मोजण्यात माझी चूक झाली," त्या म्हणाल्या.

"कशावर मोजलंत?"

"घरच्या काट्यावर."

"स्वयंपाकघरातल्या?" अध्यक्ष इतर डॉक्टरांकडे बघून किंचित हसले. मला दिसलं की त्यांचा जीव भांड्यात पडला. काटा सदोष असू शकतो. काट्यावर ठपका ठेवता येतो, आणि वरच्या कार्यालयाला लिहूनही कळवता येतं. "त्सुचिदा-सान, काटा तपासून अहवाल द्या."

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेतलं दोनशे ग्रॅमचं प्रमाणित वजन त्या काट्यावर ठेवलं. दोनशे. शंभर ठेवलं. शंभर. पन्नास, वीस, दहा. एक ग्रॅमही इकडेतिकडे नाही. इतका चोख काटा आमच्या प्रयोगशाळेतही नव्हता.

तोगाशी-सान खिडकीशी उभ्या होत्या. मी म्हणालो, "काटा बरोबर आहे. मी तसंच लिहितो. आणि बाकीचंही लिहितो."

"नको," त्या म्हणाल्या. "काट्यावर जाऊ दे, त्सुचिदा-सान. काट्याला पोरंबाळं नाहीत."

मी त्यांचं ऐकलं. ऐकायला नको होतं. पण सोपं तेच होतं, आणि सोपं मी नेहमीच ऐकतो. मी लिहिलं, "काट्यात दोष असण्याची शक्यता नाकारता येत नाही." माझ्या एकतीस वर्षांत मी लिहिलेलं ते सगळ्यात लांब वाक्य.

अहवाल निघाला. कारण, अप्रमाणित वजनकाटा. उपाय, प्रमाणित काटा विकत घेणे, मोजणीच्या कागदावर दोन नर्सांच्या सह्या. हातांबद्दल त्यात एक ओळ होती, की हातांची स्वच्छता यापुढेही चालू ठेवावी. माणसं वाढली नाहीत.

तोगाशी-साननी मग स्वतःच केलं. एकेकीला गाठून, मलम हातावर चोळून देत, सगळं खरं सांगून. दोन आठवडे खरोखरच बाटल्या रोज थोड्या थोड्या उतरत होत्या. त्या मला रोज आकडा सांगायच्या. आठ. नऊ. एकदा साडेनऊ. मग जानेवारीत फ्लू आला, पाच नर्सा घरी पडल्या, उरलेल्यांना पाणी प्यायलाही वेळ नव्हता. आकडा चारवर आला. त्यांनी मला सांगणं बंद केलं, मीही विचारलं नाही.

जानेवारीच्या अठरा तारखेला उमेत्सु-आजींना थंडी वाजून ताप आला. रक्ताच्या बाटल्या माझ्याकडे आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी, बाटलीत जंतू वाढले की लागतो तो यंत्राचा लाल दिवा लागला होता. मी काचेच्या पट्टीवर थेंब घेतला, पाहिला, आणि पाचव्या मजल्याला फोन केला. तो तोगाशी-साननीच उचलला.

"काय पिकलं?" त्यांनी विचारलं. सवयीने तोंडातून गेलं असावं.

"वाढ आहे," मी म्हणालो.

चार दिवसांनी दुपारी आजी गेल्या. बाहेर बर्फ पडत होतं. पुतण्या आला, त्याने सगळा हॉल ओलांडून प्रत्येकीसमोर वाकून आभार मानले. "काकूची तुम्ही फार काळजी घेतलीत," तो म्हणाला. तोगाशी-सान उत्तरादाखल वाकल्या, आणि पुन्हा सरळ झाल्याच नाहीत. पुतण्या घाबरला. त्याने दोनदा म्हटलं, "अहो, डोकं वर करा, डोकं वर करा." शेवटी माजिमा-साननी त्यांना खांद्याला धरून उभं केलं.

त्या वर्षी आणखी दोघे गेले. मग जंतू जसा आला तसा कमी झाला. का कमी झाला हे मला सांगता येत नाही. समितीने नव्या काट्याला श्रेय दिलं.

मार्चअखेरीला तोगाशी-साननी नोकरी सोडली. आमच्याकडे जाणारा माणूस मिठाईचा पुडा घेऊन सगळ्यांकडे फिरतो, तशा त्या फिरल्या. माझ्या खिडकीच्या फळीवर त्यांनी कागदात गुंडाळलेली एक मिठाई ठेवली, आणि तिच्याशेजारी तो काटा.

"घरी नेववत नाही," त्या म्हणाल्या. "आणि टाकवतही नाही. चांगला काटा आहे."

"हो," मी म्हणालो. "फार चांगला आहे."

त्यानंतर त्या नर्सचं काम करायच्या नाहीत असं ऐकलं. बंदरावर भावाबरोबर मासे वाळवतात म्हणे. एकदा बाजारात लांबून दिसल्या, वाकल्या, मीही वाकलो. जवळ जायचं मला धैर्य झालं नाही.

गेल्या महिन्यात पित्ताशयाच्या खड्यांसाठी मी त्याच रुग्णालयात आठ दिवस होतो. पाचव्या मजल्यावर. माझ्या वेळचं आता तिथे कोणी नाही. खोलीत चार खाटा. दाराकडून खिडकीकडे येणारी नर्स मला खाटेवरून दिसायची. पहिल्या आजोबांची सलाइन, दुसऱ्यांची लघवीची पिशवी, तिसऱ्यांचं तोंड पुसणं, मग माझी पट्टी. बाटली तिच्या कमरेला उड्या मारत होती, गच्च भरलेली. पोर घामाघूम होती. ती एक मिनिट उशिरा आली म्हणून पहिले आजोबा तिला बोलले होते. मी तिच्या हातांकडे बघितलं. फाटलेले होते.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी भांडी धुवायच्या खोलीतून वास आला. मी तो वास ओळखतो.

संध्याकाळी तीच पोर हसत आली. "आजोबा, माहितीये का, आमचा मजला पहिला आला! चौदा! आमची लिंक नर्स रडलीच आनंदाने."

मला सांगता आलं असतं. दहा शब्द. ती माझ्याकडे बघत होती, मी काही बोलेन म्हणून.

"अभिनंदन," मी म्हणालो.